आखाजीची शाळा

मोठ्या माणसाला शिकवायचं असेल तर त्याला शाळेत नेऊ नये. सगळी नोकरी करून माझ्या पदरात पडलेलं ज्ञान एवढंच, आणि ते मी कोणालाही फुकट द्यायला तयार आहे. शाळेच्या बुटक्या बाकावर चाळिशीचा माणूस बसवला की त्याचे गुडघे छातीला टेकतात, समोर भिंतीवर ससा आणि कासव असतात, आणि त्याला वाटतं आपण इथे शिक्षा भोगायला आलो. लहानपणी ज्या खोलीतून तो पळून गेला, किंवा ज्या खोलीत त्याला कोणी पाठवलंच नाही, तिथेच त्याला परत कोंडायचं आणि वर म्हणायचं, शिका. मी तरी शिकले नसते.

बुऱ्हाणपुरात एका संस्थेत मी प्रौढांना वाचायला-लिहायला शिकवायचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझे वडील महाराष्ट्रातून इकडे मध्य प्रदेशातल्या कागद गिरणीत कामाला आले, मी गिरणीच्या कॉलनीत वाढले आणि लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत आले. आमच्या नात्यातल्या लोकांना माझी नोकरी शेवटपर्यंत कळली नाही. लग्नाकार्यात कोणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "म्हाताऱ्यांना अ आ शिकवते." समोरची बाई मग माझ्याकडे अशी बघायची, जणू मी म्हाताऱ्यांना झबली-टोपडी शिवून देते.

खरं म्हणजे आमच्याकडे म्हातारे कमीच. यायची ती ऐन कामाच्या वयातली माणसं. केळी कापणारे, ट्रक चालवणारे, कापूस वेचणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या. निरक्षर माणूस अडाणी नसतो, हे वाक्य तुम्ही भाषणांत ऐकलं असेल. मी वेगळं सांगते. निरक्षर माणूस बिलंदर असतो. आपल्याला वाचता येत नाही हे वर्षानुवर्षं लपवून ठेवायला फार अक्कल लागते. "चष्मा घरी राहिला" हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की शनवाऱ्यातल्या चष्मेवाल्यांनी माडीवर माडी चढवायला हवी होती. असा माणूस चुकायला घाबरत नाही. आपण चुकताना कोणी बघेल, याला घाबरतो. म्हणून आमच्या धंद्यात काय शिकवायचं हा प्रश्न नंतरचा. कुठे बसायचं आणि तिथे कोण कोण बघत असेल, हे आधी ठरवायचं.

रामलाल ड्रायव्हरचंच बघा. केळीचा ट्रक घेऊन दिल्लीपर्यंत जायचा आणि गावं ओळखायचा ढाब्यांच्या रंगावरून. एका ढाबेवाल्याने निळ्याचा हिरवा केला आणि रामलाल वळायचं सोडून नाकासमोर पुढे गेला, मागे केळी पिकत चालली होती. क्लासला ये म्हटलं तर हसला. मग मीच केळी मंडीत जाऊन त्याच्या केबिनमध्ये बसले. ट्रक भरायला तासन्‌तास लागतात आणि तेवढा वेळ ड्रायव्हर रिकामा असतो. मी कमळातला क काढला तर म्हणाला, "मॅडम, मेरेको कमल का क्या करना? मेरेको खंडवा सिखाओ." त्याचं बरोबर होतं. मग आम्ही खंडव्याचा ख, इटारसीचा इ, भोपाळचा भ असे रस्त्याने निघालो. ग्वाल्हेरला जोडाक्षर आलं तिथे गाडी जरा अडकली, पण दिल्ली येईपर्यंत बाराखडी बरीचशी संपली होती. राहिलेली अक्षरं परतीच्या वाटेवरच्या गावांनी दिली. साडी सावरत त्या उंच केबिनमध्ये चढताना माझी जी कसरत व्हायची, ती बघायला मंडीतले हमाल काम थांबवायचे. ती करमणूक मी त्यांना सवलतीत दिली.

आता लोक म्हणतात, मोबाइल बोलतो, मोबाइल ऐकतो, मग वाचायचं कशाला? याचं उत्तर आमच्या गल्लीतल्या शांताबाई भाजीवालीने दिलं. तिच्या भजनी मंडळाच्या बायकांचा मोबाइलवर ग्रुप आहे. ती त्यात बोलूनच निरोप टाकते, तिचं काही अडत नाही. तरी एक दिवस मला म्हणाली, शिकव. का, म्हटलं. तर म्हणे ग्रुपवर जोक लिहून येतात, सगळ्या हसतात, आणि मी त्यांची तोंडं बघून मागाहून हसते, ते बरं दिसत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिच्या हातगाडीपाशी आम्ही शिकलो, मेथी निवडता निवडता. स्वतःच्या डोळ्यांनी पहिला जोक वाचला तेव्हा तिने दोनदा वाचला आणि मला विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे?

पण मला सांगायचंय ते मंगलाचं. तिच्यामुळे मला माझा धंदा कळला.

खकनारकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण हा अंक तिथे जातो आणि तिथल्या बायका वाचतात. त्यातल्या बऱ्याच जणींना मीच वाचायला शिकवलंय. गावाबाहेर मनोजशेठ नावाच्या व्यापाऱ्याची केळी पॅकिंगची शेड आहे. तिथे घडाच्या फण्या सुट्या करतात, तुरटीच्या पाण्याच्या टाकीत बुडवून त्यांचा चीक धुतात, मग खोक्यांत भरतात. मंगला टाकीवर होती. तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, दिवसभर कोपरापर्यंत हात पाण्यात. चीक आणि तुरटी मिळून हातांचं काय करतात ते एकदा बघावं. तिच्या बोटांची सालपटं निघालेली असायची आणि घरी गेल्यावर भाकरीच्या पिठातलं मीठ त्यांना झोंबायचं.

शेडवर एक सुपरवायझर असतो. सकाळी शेठची ऑर्डर मोबाइलवर येते. आज कोणाकोणाच्या बागेचा माल, कुठल्या शहराला जायचा, केळ केवढं जाड हवं, खोक्यात कसं भरायचं. सुपरवायझर सगळ्यांसमोर उभा राहून ती मोठ्याने वाचतो. ज्या शेतकऱ्याचं नाव पुकारलं त्याने पुढे होऊन आपला माल उतरवायचा. मग दिवसभर काम त्याच्या सांगण्याने चालतं. तेव्हाचा सुपरवायझर दसऱ्यानंतर आपल्या गावी परत जाणार होता. शेठने सांगून ठेवलं होतं की टाकीवरच्याच एखाद्या बाईला ते काम देईन, पण तिला माझ्यासमोर ऑर्डर वाचून दाखवावी लागेल. दसऱ्यापर्यंत वाट बघेन, नाही जमलं तर शहरातून माणूस आणेन.

टाकीवरच्या बायकांत शाळेत गेलेली एकही नव्हती. तरी मंगलाने ठरवलं. मी गावात वर्ग सुरू करतेय हे कळल्यावर ती स्वतः येऊन भेटली. पदर कपाळाच्या खाली, नजर माझ्या चपलांवर. "मॅडम, मले पान्याबाहेर यायचं हाये," एवढं म्हणाली आणि गेली.

वर्ग भरायचा समाजमंदिरात. गावाने मोठ्या प्रेमाने जागा दिली, झाडून घेतली, सतरंजी अंथरली. आठ-दहा सुना यायच्या. दाराबाहेरच्या ओट्यावर गावातली जुनी मंडळी पत्ते कुटत बसलेली असायची, त्यांत मंगलाचे सासरे नामदेवबापूही असायचे. माणूस सज्जन. सुनेने शिकावं याला त्यांचा विरोध नव्हता, उलट बाकीच्या सुनांना यायची परवानगी त्यांच्यामुळेच मिळाली. पण त्या घरात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. चहा हवा असेल तर बापू मांजराला विचारायचे, चहा झाला का रे, आणि मंगला चहा आणून उंबऱ्याशी ठेवायची. मांजर नसलं तर नातवाला विचारायचं, नातू नसला तर खांबाला. यात राग-लोभ काही नाही. तो मान असतो. मंगलाचा नवरा संजय साधा माणूस, तो या दोघांमध्ये पोस्टमनसारखा फिरायचा.

त्या समाजमंदिरात मंगला वाचायचीच नाही. फळ्यावर अक्षर काढलं की तिचे ओठ हलायचे, आवाज बाहेर यायचा नाही. बाकीच्याही तशाच, पण ही सगळ्यांत मुकी. होळी झाली, उन्हं तापायला लागली, तरी आमची गाडी पहिल्या धड्यातल्या घर-छत-नळ यांच्या पुढे सरकेना. मी मनात निकाल लावून टाकला होता की हिला अक्षरं धरत नाहीत. काही जणांना नाही धरत. मी तिच्या दसऱ्याची आशा सोडली होती.

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला इतर ठिकाणी लोक सोनं घेतात. आमच्या खानदेशी मुलखात लेकीला घरी आणतात. सासरी गेलेली पोर आखाजीला माहेरी येते, चांगली आठ-दहा दिवस राहते, कामाला हात लावत नाही. निंबाला दोर टाकून झोके बांधतात आणि बायका दिवसभर झोक्यावर गाणी म्हणतात. त्यांत शेजारच्या आळीच्या बायकांना चिमटे काढायचे, त्यांनी परत काढायचे, असा सामना रंगतो. गाणं तिथल्या तिथे जुळवावं लागतं, जुनं म्हटलं तर हसतात.

त्या दिवसांत मी तापीकाठच्या एका गावी आमच्या संस्थेतल्या एका बाईंच्या घरी जेवायला निघाले होते. गावात शिरताना निंबाखाली झोका दिसला, म्हणून स्कूटर थांबवली. एक बाई उभी राहून झोका चढवत होती, डोक्यावर पदर नाही, वेणी वाऱ्यावर, आणि आवाज असा खणखणीत की पलीकडच्या आळीत ऐकू जावा. माझ्याकडे बघून तिने झोक्यावरूनच जुळवलं:

बाई आली बुऱ्हानपूरची, चष्मा तिचा काळा,
भाकर आमची जळी गेली, हिची भरे शाळा.

सगळ्या बायका हसून लोळल्या. मीही हसले. हसता हसता लक्षात आलं की ही मंगला आहे.

मी तिला झोक्यावरून उतरवलं आणि बाजूला नेऊन जाब विचारला. एवढा आवाज आहे आणि तिकडे तोंडातून अक्षर निघत नाही? ती लाजली नाही, उलट मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "तिथं कसं वाचू वं मॅडम? बापू वट्यावर बसेल राहतात. आवाज निंघतच नाही. इथं कोन हाये मले पाहनारं?"

मी तिथेच निंबाच्या बुंध्याशी बसले. वर्षानुवर्षं माणसाला बघणारं कोण आहे याचा विचार करणारी मी, आणि समाजमंदिराचा ओटा मला दिसला नव्हता! प्रत्येक गावात आम्ही सुनांना शिकवत होतो. पण सून ही आवाज गिळूनच घरात येते. तीच बाई दुसऱ्या गावची लेक असते, आणि लेकीचं तोंड कोण धरणार? ज्या बाईला झोक्यावर उभं राहून कडव्याला कडवं जुळवता येतं, तिला बाराखडी अवघड नसते.

जेवण राहिलं बाजूला. दुसऱ्या दिवसापासून मी रोज त्या गावी जायला लागले. मंगला तिच्या चार मैत्रिणींना घेऊन आली, त्याही माहेरपणाला आलेल्या. बसायचं कुठे? तिच्या भावाची केळीची बाग घरामागेच होती, घड नुकतेच कापून नेलेले. घड गेला तरी केळीचं खोड उभंच असतं. सावली होती, गारवा होता, आम्ही तिथे बसलो. पाटी-पेन्सिल मी मुद्दामच नेली नव्हती. बाभळीचा काटा घेतला आणि एका खोडाच्या गुळगुळीत सालीवर मंगलाचं नाव ओरखडलं. आधी काहीच दिसत नाही. मग ओरखड्यातून चीक येतो, त्याला वारा लागतो, आणि हळूहळू अक्षर तपकिरी व्हायला लागतं, मग काळं पडतं. म्हणजे लिहिताना चुकलं तरी कोणाला दिसत नाही. अक्षर उमटेपर्यंत लिहिणारी दुसऱ्या खोडापाशी पोचलेली असते. मग सगळ्यांनी मिळून फेरी मारायची, कुठे काय उमटलंय ते वाचायचं आणि कोणी लिहिलं ते विचारायचं नाही. चारचौघांत चुकायला भिणाऱ्या माणसासाठी याहून चांगली पाटी मी बघितली नाही.

मंगला काट्याने लिहिता लिहिता मध्येच थांबली आणि बोटावरचा चीक बघत म्हणाली, "हाच चीक माह्ये हात खाते. आता लिहू दे त्याले."

शिकवायला मी धडा नेला नव्हता. आदल्या दिवशी झोक्यावर जे जुळवलं असेल तेच आम्ही लिहायचो. माझ्या काळ्या चष्म्याचं गाणंही एका खोडावर लागलं, ते मला मुकाट्याने वाचून दाखवावं लागलं. आपणच रचलेलं असल्यामुळे पुढे काय आहे ते त्यांना पाठ असायचं, आणि डोळा अक्षरावरून आपोआप सरकायचा. त्या माहेरपणात मंगला जेवढं शिकली तेवढं समाजमंदिरात तीन वर्षांतही शिकली नसती. सासरी जायच्या दिवशी तिने बागेतल्या शेवटच्या खोडावर एक अख्खं कडवं लिहिलं. कोणाचीही मदत न घेता, जोडाक्षरांसकट.

मग मी हा उद्योगच लावून घेतला. कुठल्या गावची सून कुठल्या गावची लेक, याची मी आणि आमच्या त्या बाईंनी जुळणी केली आणि वर्ग माहेरी भरवायला लागलो. आखाजीला, दिवाळीला, बाळंतपणाला, जेव्हा जेव्हा लेक घरी येईल तेव्हा. आमच्या साहेबांना हे पटेना. ते म्हणाले, या बायका कागदावर कुठल्या गावच्या दाखवायच्या, सासरच्या की माहेरच्या? मी म्हटलं, जिथे तोंड उघडतात तिथल्या. साहेब तपासणीला येतो म्हणाले, पण वैशाखातलं बुऱ्हाणपूरचं ऊन त्यांना ठाऊक होतं. ते काही आले नाहीत आणि आमचं काम चाललं.

एक सल मात्र राहिला. ज्यांना माहेर उरलं नव्हतं, त्यांना या शाळेने काहीच दिलं नाही. त्याच गावातली रुखमा मला एकदा म्हणाली, माझे आईबाप गेले, भावजय बोलावत नाही, मग मी कुठे शिकू? तिला द्यायला माझ्याकडे जागा नव्हती. मी पुष्कळ डोकं चालवलं, माझ्या घरी ये म्हटलं, सासरच्यांनी तिला पाठवलं नाही. ती अजून अंगठाच उठवते. स्वतःचं कौतुक करताना मला रुखमा आठवते आणि वाईट वाटतं.

मंगला सासरी परत आली आणि मला वाटलं होतं तसंच झालं. समाजमंदिरात पुन्हा मुकी. वाचायला येत होतं, पण सासरच्या हद्दीत आवाज फुटत नव्हता, आणि सुपरवायझरला तर आवाजाचीच नोकरी. तेव्हा तिनेच तोड काढली. बापूंची केळीची बाग गावापासून जरा लांब. शेडवरच्या दुपारच्या सुट्टीत ती जनावरांना पानं आणायला तिकडे जायची. दाट बागेत दोन हातांवरचं माणूस दिसत नाही. तिथे बसून ती मोबाइलवर आपलं वाचन बोलून मला पाठवायची. मी रोज सकाळी शेडवरच्या ऑर्डरसारखा एक मजकूर लिहून पाठवायचे. पहिल्या निरोपात नुसती पानांची सळसळ आणि कुजबुज होती, मी कानाला मोबाइल चिकटवून ऐकला. पावसाळाभर हे चाललं. श्रावणात तिचा आवाज इतका वाढला होता की मोबाइल टेबलावर ठेवून मला चहा गाळता यायचा. एका निरोपात मध्येच संजयचा आवाज आला, पुन्हा वाच, केवढा जाडपणा सांगितला? म्हणजे पोस्टमनसाहेब समोर बसून ऐकत होते तर. मला फार बरं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेठने तिला वाचायला बोलावलं. तिने मला यायला सांगितलं होतं. मी सकाळीच शेडवर गेले आणि मागे रिकाम्या खोक्यांच्या थप्पीपाशी उभी राहिले. आमच्या कामात एक नियम मी कधी मोडला नाही: शिकणारा चारचौघांत वाचत असताना त्याला सुचवायचं नाही. अडला तर अडू द्यायचं.

शेड भरलेली होती. टाकीवरच्या बायका, खोकी भरणारे, आणि आपापला माल ट्रॅक्टरवर घेऊन आलेले शेतकरी. त्यांत नामदेवबापूही होते, एका पालथ्या क्रेटवर बसलेले, शेजारी संजय. त्यांच्या बागेतली कटाई नेमकी त्याच दिवशी होती. बापू तिथे असणार हे मंगलाला ठाऊक होतं. त्यासाठीच तर तिने आवाज कमावला होता.

मनोजशेठने मोबाइल तिच्या हातात दिला. ती पदर कपाळापर्यंत घेऊन उभी राहिली आणि वाचायला लागली. माल दिल्लीचा. जाडी अमुक. फणीला डाग चालणार नाही. खोक्यात कागद घालून भरायचं. आवाज स्पष्ट, टाकीच्या पाण्याच्या वरून जाणारा. मी एका खोक्याची कड घट्ट धरून उभी होते, ती सोडली. मग शेतकऱ्यांची नावं आली. पहिलं नाव तिने पुकारलं, तो माणूस उठून आपल्या ट्रॅक्टरकडे गेला.

दुसऱ्या नावाशी ती थांबली.

मला वाटलं जोडाक्षर असेल. मनातल्या मनात मी कुठलं अक्षर अडलं असेल ते शोधत होते. शेठने थोडी वाट बघितली आणि म्हणाला, "क्या हुआ? पढना नहीं आता क्या?" मंगला स्क्रीनकडे बघत राहिली. ओठ हलत होते, समाजमंदिरात हलायचे तसे. तेवढ्यात माझी नजर टाकीवरच्या बायकांकडे गेली. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. एकीलाही प्रश्न पडलेला दिसत नव्हता. तिथल्या प्रत्येक सुनेला कळलं होतं आणि एवढी शिकलेली मी अक्षर शोधत बसले होते. दुसरं नाव तिच्या सासऱ्यांचं होतं. सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. चारचौघांत नाही, एकटी असतानाही नाही. पावसाळाभर मी तिला लिहून पाठवलेल्या ऑर्डरींत नावं माझ्या मनची होती, हे नाव त्यांत कधी आलंच नव्हतं.

टाकीवरची एक म्हातारी हळूच म्हणाली, "घरचा माल म्हन वं." मंगलाने तेच म्हटलं, बारीक आवाजात, आमच्या घरचा माल. शेठला काय कळणार? तो म्हणाला, घर तो सबका है, किसके घर का? त्याचंही खोटं नव्हतं. रोज पन्नास घरांचा माल जिथे येतो तिथे घरचा म्हणून कसं चालेल? सुपरवायझरने नाव पुकारलंच पाहिजे. त्याने मोबाइल परत घ्यायला हात पुढे केला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, तिला येतं, सगळं येतं. पण मी माझा नियम पाळला. सांगून उपयोगही नव्हता. आज मी सांगितलं असतं तर उद्या कोण सांगणार होतं?

मंगलाने मोबाइल पुढे केला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, हात दिसत होता. सालपटं निघालेला.

तेव्हा नामदेवबापू क्रेटवरून उठले. त्यांनी तिथे मांजर शोधलं नाही, संजयकडे बघितलं नाही. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ज्या सुनेशी ते एक शब्द थेट बोलले नव्हते, तिच्याकडे तोंड करून, सगळ्या गावादेखत ते म्हणाले, "मंगला, नाव घे. माल खोळंबून राहिला."

मंगलाने मोबाइल परत डोळ्यांसमोर धरला. पदर तसाच ठेवला, तो तिने आजही सोडलेला नाही. आखाजीच्या झोक्यावरच्या आवाजात तिने वाचलं, "नामदेव सोनू पाटील."

बापूंनी आपल्या ट्रॅक्टरकडे जायला हवं होतं. ते गेले नाहीत. शाळेची पायरी ते कधी चढले नव्हते. नातवंडांच्या शाळेवरून जाता-येता कानावर पडलं असेल तेवढंच. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हाजीर."

कोणी हसलं नाही. मी खोक्यांच्या आड तोंड करून रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मंगला मात्र थांबली नाही. तिने बोट खाली सरकवलं आणि पुढचं नाव वाचलं.